दीर्घ आजार असलेल्या ज्येष्ठांना भेटायला जाताना नेमकं काय बघायचं?

प्रश्न (शेजारगट): परिसरातल्या मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांकडे आम्ही काही जण आळीपाळीने जाणार आहोत. वैद्यकीय शिक्षण कुणाचंच नाही. काय करावं आणि कशात अजिबात हात घालू नये?

सेवाव्रती: पहिलं म्हणजे आळीपाळीने जाऊ नका. एका घरी शक्यतो एकाच माणसाने जावं, तरच बदल लक्षात येतो. "कसं वाटतंय?" असं विचारलं की "बरंय" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: झोपताना जास्त उशा लागतायत का? चप्पल घट्ट होतेय का? हृदय अशक्त असलं की अंगात पाणी साठतं, ते असं कळतं. अशांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावं. दिवसात किलोभराहून किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

मापनवही: रक्तदाबाचे आकडे बहुतेक वेळा घाईमुळे चुकतात. आधी पाच मिनिटं गप्प बसू द्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर. पट्टा लहान पडला की आकडा खोटा वाढतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. उठताना चक्कर येत असेल तर आडवं असताना मोजा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना सांगाच. पडण्याचा धोका असतो.

सेवाव्रती: इन्शुलिन घेणाऱ्यांकडे साखर हाताशी हवी. घाम, थरथर, अचानक असंबद्ध बोलणं दिसलं की ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर (चहाचे तीन-चार सपाट चमचे) पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

शेजारगट: आणि गोळ्यांचे डबे? ते आम्ही भरून द्यायचे का?

औषधपेटी: नको. ते घरच्यांनी किंवा फार्मासिस्टने करावं. तुम्ही फक्त डबा आणि चालू चिठ्ठी शेजारी ठेवून ताडून पाहा. डोस बदलल्यावर जुनी पाकिटं तशीच पडून राहतात. कधी एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी घेतलं जातं. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांबद्दल मुद्दाम विचारा: त्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करायला सांगू नका. आणि कुणाचेही रिपोर्ट गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. कुणाला काय कळवायचं ते त्या व्यक्तीलाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, फोन नंबरांसकट.