‘मज्जा मूलपेशी’ की ‘चेता मूलपेशी’?

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या विज्ञानदिनाच्या फलकावरचे हे वाक्य एका विद्यार्थिनीने माझ्याकडे तपासायला दिले: ‘रेणवीय संदेश मज्जा मूलपेशींच्या विभाजनाचे नियमन करतात.’ व्याकरण निर्दोष आहे. सांगायचे होते ते असे: मेंदूतल्या मूलपेशींना (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या) विशिष्ट रूप कधी मिळावे, हे रेणू ठरवतात. मात्र तीन शब्द वाचणाऱ्याला भलतीकडे नेतात.

‘मज्जासंस्था’ रूढ असल्यामुळे ‘मज्जा’ सुचणे स्वाभाविक आहे. परंतु शेजारी ‘मूलपेशी’ आली की वाचकाला अस्थिमज्जाच आठवते, कारण रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांच्या बोलण्यात त्याने तीच ऐकलेली असते. अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून रक्तपेशी घडतात, मेंदूतल्या मूलपेशींपासून चेतापेशी (न्यूरॉन) आणि त्यांना आधार देणाऱ्या ग्लायल पेशी. म्हणून ‘चेता मूलपेशी’ म्हणावे. (‘मूलपेशी’तले मूल म्हणजे लेकरू नव्हे, हेही सांगून टाकलेले बरे, ‘मूळपेशी’ रूढ झाले असते तर हा घोटाळा उरला नसता.)

‘विभाजन’ ही चूक अधिक गंभीर आहे. विभाजनात एका पेशीच्या दोन होतात, विभेदनात पेशीला विशिष्ट रूप आणि काम मिळते. शेजारच्या पेशीवरील डेल्टा हे प्रथिन मूलपेशीवरील नॉच या ग्राहीला (खूण टिपणाऱ्या प्रथिनाला) भिडले, की हेस-१ हे जनुक जागे होते, त्याचे प्रथिन चेतापेशी घडवणाऱ्या जनुकांना दाबून ठेवते आणि पेशी मूलपेशीच राहते; म्हणजे विभेदन अडते, पण विभाजनाची क्षमता शाबूत राहते. अशा ठिकाणी एकाऐवजी दुसरा शब्द पडला, तर विधान थेट उलटे होते. इंग्रजीत दोन्हींना ‘डिफरन्शिएशन’च म्हणत असले, तरी गणितातले ‘अवकलन’ येथे अर्थातच चालणार नाही.

राहिला ‘संदेश’. संदेशात मजकूर असतो आणि तो कोणाच्याही हाती पडला तरी बदलत नाही. पेशींमध्ये खुणेचे काम करणाऱ्या बीएमपी या प्रथिनांचे तसे नाही. बेडकाच्या गर्भात आरंभी ती बाह्यस्तराला (गर्भातील पेशींच्या सर्वांत बाहेरच्या थराला) चेता-ऊती, म्हणजे मज्जासंस्थेची ऊती, होऊ देत नाहीत, आणि नॉगिनसारखे प्रथिन त्यांना अडवते तेथेच ती ऊती तयार होते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत मात्र वाढीच्या पुढच्या टप्प्यावर हीच बीएमपी मूलपेशींना ताराकार पेशी (ग्लायल पेशींचा एक प्रकार) होण्याकडे वळवतात. खूण तीच, पण तिचा अर्थ ती घेणाऱ्या पेशीच्या अवस्थेवर ठरतो. ही छटा ‘संकेत’ या शब्दात आहे. ‘सिग्नल’ लिहायलाही माझी हरकत नव्हती, पण पुणेकराच्या डोळ्यांपुढे त्याने चौकच उभा राहील.

तेव्हा वाक्य असे होईल: ‘रेणवीय संकेत चेता मूलपेशींच्या विभेदनाचे नियमन करतात.’ ‘रेणवीय’ उच्चारायला जड जाते, हे त्या विद्यार्थिनीचे म्हणणे मला मान्य आहे. ‘रेणूंचे संकेत’ लिहिले तरी काही बिघडत नाही.