केमोनंतर पहिल्यांदा कुठे गेलात?

मोगरा
धाकट्या जावेला प्रवासाची बॅग हवी होती म्हणून माळ्यावरून काढली. बाजूच्या कप्प्यात उलटीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि एक सुती टोपी निघाली. ती बॅग घेऊन गेली, मी मात्र बराच वेळ स्टुलावरच.

ब्रेस्टचा कॅन्सर होता. आधी एसी, म्हणजे ते लाल औषध, दर २१ दिवसांनी. मग दर आठवड्याचं टॅक्सॉल. लाल औषधानंतर लघवीही लालसर होते हे सिस्टरनी आधी सांगून ठेवलं म्हणून बरं, नाहीतर हाय खाल्ली असती.

सगळं संपल्यावर डॉक्टर म्हणाले, आता खुशाल फिरा. पण मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचीही धास्ती. केमो चालू असताना ताप १००.४ वर गेला की मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, हे इतकं मुरलं होतं की नंतरही थर्मामीटर पर्समध्ये असायचाच. लांब कुठे ताप आला तर काय, या एका प्रश्नावर कित्येक बेत मोडले.

शेवटी मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरी, भावाकडे. तिथे ओळखीचे डॉक्टर होते म्हणून हो म्हटलं, खरं कारण तेवढंच. चिपळूणच्या अलीकडे चक्क भूक लागली. कटलेट घेतलं आणि ते कटलेटसारखंच लागलं! तोंडात सतत लोखंडाची चव घेऊन ज्यांनी महिने काढलेत त्यांना सांगायला नको.

तुम्ही कुठे गेलात? काय सोबत नेलंत?

अर्धा_कप
मांडवीचं कटलेट!! कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

डोंगरवाट
मोठ्या आतड्याचा कॅन्सर. केमोचं औषध ऑक्सॅलिप्लॅटिन. ज्यांनी घेतलंय त्यांना कळलं असेल. फ्रिजला हात लावला की बोटांत झिणझिण्या, गार पाण्याचा घोट म्हणजे घशात काचा. उन्हाळ्यात कोमट पाणी पीत बसलो.

ते गेलं, पण तळपाय बधिर राहिले. नसा सावकाश सुधारतात, काहींच्या पूर्ण सुधारत नाहीत, असं आधीच सांगितलेलं. चप्पल पायातून निसटली तरी मागून कुणीतरी हाक मारेपर्यंत पत्ता नसायचा. असा माणूस गड कसा उतरणार? चढायचं काही नाही हो, दम लागला तर बसता येतं. उतरताना पाय कुठे पडलाय हे पायालाच कळावं लागतं.

पहिल्यांदा सिंहगडावर गाडीने गेलो. गाडीने येणाऱ्यांना जन्मभर नावं ठेवली, आता त्यांच्याच पंगतीत पिठलं-भाकरी. मडक्यातलं दही बायकोने गार म्हणून ओढून घेतलं आणि स्वतः संपवलं. तेव्हा मला गार चालायला लागलं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता पायी जातो. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, दोन काठ्या, आणि घरी आल्यावर तळवे उजेडात तपासायचे. फोड आलेला कळत नाही.
रायगडला रोपवेने गेलो ते ग्रुपमध्ये कुणाला सांगू नका.

फुलवाती
@डोंगरवाट सांगितलं 😄

माझं टक्कल होतं तेव्हा कोल्हापूरला देवळाच्या रांगेत मागच्या काकू म्हणाल्या, बालाजीला जाऊन आलात वाटतं? मी म्हटलं हो, दर्शन छान झालं. मग त्यांनी प्रसादाचा लाडू मागितला. आता आली का पंचाईत!

विग घेतला होता. मे महिन्यात घालून दाखवा कुणीतरी.

अर्धा_कप
😂😂 लाडू

खानदेशी
तुमच्या सगळ्यांचं वाचलं. आमचं जरा उलटं आहे. आम्हाला प्रवास म्हणजेच केमो. जळगावहून रात्रीची गाडी, सकाळी दादर, तिथून परळला टाटा. परत येताना मंडळीच्या हातात उलटीसाठी पिशवी.

नवीन कुणी असेल तर सांगून ठेवतो. हॉस्पिटलमधून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. उपचार आणि तपासणीच्या प्रवासालाच मिळतं, देवदर्शनाला नाही. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, तिथे आमच्यासारखेच सगळे. स्वयंपाकाचा वास सहन होत नसलेल्या बायका एका बाजूला बसायच्या, एकमेकींना आमसूल द्यायच्या.

केमो संपली तर मंडळी म्हणे, मला मुंबई बघायची. म्हटलं अगं किती खेपा झाल्या. तर म्हणे मी परळ पाह्यलं, मुंबई कुठे पाह्यली. मग पुढच्या तपासणीला एक दिवस वाढवून राणीची बाग. पेंग्विनसमोरून हलायला तयार नाही. काचेच्या आत गारवा, बाहेर आम्ही घामाघूम. ती म्हणे यांचं बरंय, डॉक्टर नाही काही नाही. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, असं बसत बसत सगळी बाग केली.

मोगरा
दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. "परळ पाह्यलं" हे वाचून हसू का रडू झालं. आता कशी आहे तब्येत?

खानदेशी
बरी आहे ताई. आता म्हणते समुद्र. सांगतो.

निंबोणी
केनियाचं बुकिंग करायच्या बेतात असलेल्यांनो, थांबा. पिवळ्या तापाची लस जिवंत विषाणूची असते. केमो चालू असताना किंवा नुकतीच संपली असताना ती घेत नाहीत. आणि तिथून परत येताना लसीचं कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात. आधी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, मग पैसे भरा. आम्ही सिंह रद्द करून ताडोबाला गेलो. वाघाने दर्शन दिलं नाही, ते त्याचं नेहमीचंच.

विमा घेताना आजार लपवू नका, नवरा कितीही म्हणाला तरी.

सांजवेळ
माझी अजून चालू आहे. पोर्ट बसवलाय, म्हणजे औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवतात ती डबी. गव्हांकुराचा रस पिऊन कोणाचं कोण बरं झालं हे रोज एक नातेवाईक सांगतो. तुमचं सगळं वाचतेय फक्त.

फुलवाती
सांजवेळ, गव्हांकुर पाजणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढू, पाचशे प्रतिसाद नक्की. तोंड आलंय का? मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने चुळा भर, दिवसातून चार-पाच वेळा. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरचा उसाचा रस, पाणीपुरी अजिबात नाही.

सांजवेळ
पाणीपुरीचं नाव कशाला काढलंत 😭

डोंगरवाट
पोर्ट असला तरी प्रवास करता येतो. वापर नसेल तेव्हाही ठरल्या वेळी फ्लश करावा लागतो, म्हणजे औषधी पाणी सोडून साफ करावा लागतो, तेवढ्या तारखा सांभाळून बेत आखायचा.

अर्धा_कप
आले. माझं तीन पानांचं आहे, उद्या टाकते, धाकट्याला ताप आलाय. खानदेशी दादा, आम्ही पुढच्या आठवड्यात मुंबईत आहोत, पेंग्विन किती वाजेपर्यंत असतात?

खानदेशी
पेंग्विन तिथेच राहतात ताई 🙂 वेळ बघून घ्या. बुधवारी बाग बंद असते.