फटका नेमका कुणाला?
स्टारबक्स ही अमेरिकन कॉफी कंपनी इस्रायलमधल्या दुकानांतून कमावते म्हणून तिच्यावर बहिष्कार, असं काही जण म्हणतात ते पटलं नाही. तिथली त्यांची दुकानं २००३ सालीच बंद झाली. वाद पेटला ऑक्टोबर २०२३ मध्ये, स्टारबक्सच्या कामगारांच्या संघटनेने पॅलेस्टाइनच्या पाठिंब्याची पोस्ट टाकल्यावर. कंपनीने नाव आणि बोधचिन्ह वापरल्याबद्दल संघटनेवरच खटला भरला. (दोघांचं आधीपासूनच विळ्या-भोपळ्याचं सख्य!)

पण झळ कुणाला लागली बघा. आखाती देशांत ही दुकानं कुवेतचा अलशाया समूह चालवतो. मार्च २०२४ मध्ये त्यांनी २००० हून जास्त माणसं कामावरून काढली. मलेशियात चालवणारी बर्जाया फूडही तिथलीच कंपनी, तीही तोट्यात गेली. सिएटलच्या मूळ कंपनीची विक्री घटली खरी, पण झळ या स्थानिक कंपन्यांना आणि त्यांच्या माणसांनाही लागली. आणि हो, भारतात निम्मी मालकी टाटांची आहे.