आजोबांनी जपानहून आणलेल्या फुलदाण्या: ओळख कशी पटवायची, किंमत कशी ठरवायची?

शनिवारपेठकर

नमस्कार. साताऱ्यातलं आमचं जुनं घर आता उतरवायला घेतोय. माळ्यावरच्या लष्करी ट्रंकेतून काही वस्तू निघाल्या, त्यांच्याबद्दल विचारायचं आहे.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत हवालदार होते. इटलीची लढाई संपवून परतल्यावर १९४६ साली पलटण जपानला गेली. तिथून आणलेलं सामान आजीनं कुणाला हात लावू दिला नाही, म्हणून टिकलं.

एक जोडी आहे फुलदाण्यांची. हातभर उंच, सायीच्या रंगाच्या, अंगभर बारीक भेगांचं जाळं. वर दाढीवाले साधू, डोक्यामागे सोनेरी वलयं. बुडाला लाल वर्तुळात अधिकचं चिन्ह. दुसरी पांढऱ्यावर निळ्या नक्षीची सुरईसारखी फुलदाणी, बुडाशी दोन निळी वर्तुळं आणि आत सहा चिनी अक्षरं. शिवाय अंगठ्याएवढी पांढरी कोरीव मूर्ती, पाठीवर मोळी घेतलेला म्हातारा.

जुन्या वस्तू घेणारा एक जण येऊन बघून गेला. सगळ्याचे मिळून चाळीस हजार देतो म्हणाला, आजच्या आज ठरवा म्हणाला. चुलतभाऊ म्हणतो देऊन टाक. आत्याचं म्हणणं, जोडीतली एकेक दोन्ही घरांत ठेवू. मला मात्र आजोबांनी एवढ्या लांबून सांभाळून काय आणलं, ते कळल्याशिवाय काहीही हातावेगळं करायचं नाही. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

कासपठार

दादा, घाई करू नका. मोबाइलवर फोटो टाकून शोधलंत तर अशाच जोड्या दोन-तीन लाखांना लावलेल्या दिसतील. चाळीस हजार फारच कमी वाटतात.

मिरजेची_वसुधा

शनिवारपेठकर, मुंबईत एका लिलावगृहात मी बरीच वर्षं याद्या आणि वर्णनं लिहिण्याचं काम केलं. आता मिरजेत असते. फोटोंवरून शेवटचा शब्द कुणी देऊ नये, पण घरबसल्या तुम्ही स्वतः बरंच तपासू शकता.

आधी कासपठार यांच्या मुद्द्याबद्दल. संकेतस्थळावर कुणी तीन लाख लावले म्हणजे ते मिळाले असं नाही. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघायच्या, त्याही त्याच प्रतीच्या वस्तूंच्या. या प्रकारात प्रतीचा फरक प्रचंड असतो.

तुमची जोडी सात्सुमा या जपानी पद्धतीची आहे. सायीचा रंग, झिलईतल्या भेगा आणि सोनं ही तिची खूण. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात जपानच्या सात्सुमा संस्थानानं ही भांडी मांडली आणि युरोपात मागणी इतकी वाढली की क्योटो, योकोहामा, कोबे इथल्या कारखान्यांतही त्याच धर्तीचा माल निघू लागला. वर्तुळातलं अधिक हे त्या संस्थानाच्या शिमाझू घराण्याचं चिन्ह. पण निर्यातीच्या सरसकट मालावर ते उमटवत, त्यामुळे त्यावरून ना वय ठरतं ना कारखाना. बुडाच्या खुणेवर सर्वांत शेवटी विश्वास ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते.

काम बघा. ते साधू म्हणजे बुद्धाचे शिष्य, अर्हत. दहापट भिंग घेऊन त्यांच्या भुवया नि दाढ्या तपासा. १८६८ ते १९१२ या मेइजी काळातल्या उत्तम कामात केस न् केस वेगळा काढलेला असतो, वस्त्रावरची नक्षी भिंगाखालीही तुटत नाही. १९२० नंतरच्या बऱ्याच मालात चेहरे मोठे, रेषा जाड, तपकिरी-काळी पार्श्वभूमी आणि रंगाचे उंच ठिपके दिसतात. बाह्यरेषेत छापाचे सारखे ठिपके दिसले तर ती चिकटवलेली छपाई. बुडावर ‘जपान’ असं इंग्रजीत आहे का तेही बघा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं, आधी ‘निप्पॉन’ आणि १९२१ पासून ‘जपान’. तुमच्या आजोबांनी दुकानातून हातोहात घेतली असेल, तर मात्र असं नाव नसणंही स्वाभाविक आहे.

टिचकी मारून बघा, हळू. सात्सुमाचा आवाज बद्द येतो. निळ्या फुलदाणीचा खणखणीत आला पाहिजे. तिथेही बद्द आला तर कुठेतरी केसासारखा तडा आहे.

निळीवरची अक्षरं उजव्या ओळीतून वरून खाली आणि मग डाव्या ओळीत वाचतात. पहिली दोन राजवंशाची, मधली दोन सम्राटाची. कांगशी (१६६२ ते १७२२) या सम्राटाचं नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भांड्यांवर सर्रास आढळतं, आणि जपानच्या अरिताचे कुंभारही चिनी मिंग सम्राटांची नावं घालत. म्हणून अक्षरांपेक्षा बुडाची बिनझिलईची कड पाहा, तिचा स्पष्ट फोटो टाका.

आता कृपा करून हे लक्षात घ्या. चिंच, राख, पितांबरी, भांड्यांचा साबण, काहीही लावू नका. सोनं झिलईच्या वर असतं, घासलं की जातं, आणि गेलं की परत येत नाही. जोडीही फोडू नका. समोरासमोर ठेवून बघा, चित्रं एकमेकींच्या उलट बाजूला वळलेली असतील तर ती जोडी म्हणूनच घडवली आहे. आत्यांच्या भावना मला समजतात, पण सुटी झालेली एक ही निम्म्या किमतीचीही राहत नाही.

मूर्तीबाबत गंभीरपणे सांगते. पाठीला दोन छोटी भोकं असतील तर ती नेत्सुके, कमरपट्ट्याला बटवा अडकवायची. तळाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. काळे सूक्ष्म ठिपके दिसले तर हाड. साच्याची शिवण दिसली तर प्लास्टिक. तापवलेली सुई टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हस्तिदंत निघालं तर आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मग व्यवहारातून ती मूर्ती बाहेर काढा आणि वन विभागाला विचारा.

हरभटरोड

सांगलीहून लिहितोय. वसुधाताईंच्या सफाईच्या मुद्द्याला जोड देतो. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. मामींच्या कपाटातली अशीच सायीच्या रंगाची फुलदाणी गाळात होती. भेगांच्या जाळ्यात मातकट रंग उतरला होता. ब्लीच लावायला मामींनी ठाम नकार दिला. कोल्हापूरच्या एका जतनकर्त्याच्या सांगण्यावरून डिस्टिल्ड पाण्यात ठेवत आणि पाणी बदलत राहिलो. बराचसा डाग उतरला, सोनं शाबूत राहिलं. ट्रंकेतल्या वस्तूंवर नुसती धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश पुरे.

शनिवारपेठकर

ताई, दादा, मनापासून आभार. घड्याळजींकडून भिंग आणून बघितलं. चेहरे हातानं काढलेले आहेत, पण रेषा जाड आहेत आणि ठिपके बोटाला लागतात. इंग्रजी अक्षर कुठेच नाही. एका फुलदाणीतले साधू डावीकडे, दुसरीतले उजवीकडे बघतात. निळीचा आवाज खणखणीत आहे. मूर्तीच्या तळाशी जाळी स्पष्ट दिसते.

आणि आजोबांच्या पे-बुकात एक फोटो सापडला. चार जवान एका दुकानासमोर उभे, आजोबांच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मागे त्यांच्या अक्षरात ‘मात्सुए, दिवाळी १९४६’.

मिरजेची_वसुधा

फार आनंद झाला. जपानमधलं मात्सुए अगदी जुळतं. २६८ व्या भारतीय ब्रिगेडबरोबर तुमची पलटण तिथेच होती.

तुम्ही सांगताय त्यावरून जोडी १९२० ते १९४० च्या दरम्यानची असावी. मेइजी काळातली उत्कृष्ट वस्तू नव्हे, त्यामुळे लाखांची अपेक्षा ठेवू नका. पण जपानमध्ये गेलेल्या मराठा पलटणीच्या जवानाने घेतलेली, नाव-गाव-तारखेसकट फोटो असलेली जोडी मी आजवर एकदाही हाताळलेली नाही. तो फोटो, पे-बुक आणि फुलदाण्या कधीही वेगळ्या करू नका. फोटोची दोन्ही बाजूंनी चांगली प्रत काढून घ्या. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला संग्रहालय आहे, त्यांना पत्र लिहा. वस्तू द्यायच्या नसल्या तरी नोंद व्हायला हवी.

मूर्तीवर जाळी दिसतेय, म्हणजे ती व्यवहारातून बाहेर. बाकीच्यांसाठी त्या व्यापाऱ्याला सांगा, प्रत्येक वस्तूची किंमत वेगवेगळी कागदावर लिहून द्या. ढीगभर सामानाला एक आकडा सांगणाऱ्याला बहुतेक वेळा त्यातली एकच वस्तू हवी असते. मला संशय निळीचा आहे. मूल्यांकन स्वतः खरेदी न करणाऱ्याकडून करून घ्या, ठरावीक फी देऊन; किमतीच्या टक्क्यावर मुळीच नको. निळी शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती परदेशी पाठवता येणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुंबईला नेणार असाल तर फुलदाण्या मानेला धरून उचलू नका. एक हात बुडाखाली, एक पोटाला. आत काही कोंबू नका, बाहेरून मऊ सुती कापड आणि प्रत्येकीला वेगळं खोकं. बुडाच्या कडेचा फोटो अजून आला नाही, तो दिवसाच्या उजेडात काढून टाका, फ्लॅश बंद ठेवून.