मदत हवी आहे: स्मारक प्रूफ संचातली सदोष नाणी बदलावीत की तशीच ठेवावीत?

नमस्कार मंडळी,

नाणी जमवणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते.

माझ्याकडे पाच नाण्यांचा एक स्मारक प्रूफ संच आहे, म्हणजे संग्राहकांसाठी खास घोटून आरशासारखी पाडलेली नाणी. दोन नाणी चांदीची, दोन तांबे-निकेलची, एक कांस्याचं. मखमली अस्तराची पेटी, प्रत्येक नाण्याला वेगळी खाच, वरून दाबून बसवायचं पारदर्शक झाकण आणि सोबत टाकसाळीचं क्रमांक असलेलं प्रमाणपत्र. संच जुना आहे, त्यामुळे टाकसाळीकडून बदलून मिळण्याची मुदत केव्हाच संपली. एका विक्रेत्याने तो निर्दोष म्हणून विकला होता. पेटी उघडून, आतलं झाकण न काढता, दिव्याखाली नाणी तिरकी धरली तेव्हा पाचपैकी तिनांत दोष दिसले. विक्रेता आता दाद देत नाही, तो विषय मी सोडून दिला आहे. प्रश्न आहे तो संचाचा.

मोठ्या चांदीच्या नाण्यावर, मोकळ्या आरसा भागात, पांढरट दुधाळ ठिपके आहेत. समोरून बघितलं तर लक्षातही येत नाहीत, पण नाणं जरा कललं की डोळ्यांत भरतात. तांबे-निकेलच्या एका नाण्यावर कडेलगत हिरवट थर आहे, किंचित ओलसर वाटतो. तिसरा दोष दुसऱ्या चांदीच्या नाण्यावर: चेहऱ्याच्या हनुवटीखाली एक बारीक वाकडी रेघ. ओरखडा म्हणावा तर तिचा बाक फार मऊ आहे. बाकीची दोन नाणी सुंदर आहेत. कांस्याच्या नाण्याचा तांबूसपणा अजून कोरा आहे, आणि तेवढ्यासाठी तरी हा संच पुरा करावासा वाटतो.

तर प्रश्न असे. तोच संच आणखी एक विकत घेऊन त्यातली चांगली नाणी इकडे बसवावीत का? तसं केलं तर प्रमाणपत्राला काही अर्थ उरतो का? हिरवा थर घरी काढता येतो का, की त्याला हातच लावू नये? आणि झाकण उघडायचं तर कसं?

मला हा संच विकायचा नाही. एका प्रसंगाच्या आठवणीसाठी टाकसाळीने एवढी मेहनत घेऊन पाडलेली नाणी, ती टाकसाळीबाहेर पडली तेव्हा जशी होती तशी एकत्र बघायची आहेत. पण उद्या माझ्यानंतर तो कुणाच्या हाती गेला तर त्याची फसगत होऊ नये, हेही तितकंच वाटतं.

---

नाणेवेडा:

ताई, आधी एक विनंती. काहीही पुसू नका. मऊ कापड, चष्म्याचं फडकं, कापूस, काहीच नको. प्रूफ नाण्याचा आरसा इतका नाजूक असतो की कोरड्या कापडाचा एक हात फिरला तरी केसासारख्या रेघा उमटतात आणि त्या कायमच्या राहतात. सोडा, लिंबू, चांदी उजळायची पावडर यांचं तर नावच काढू नका. नाणं नेहमी कडेला धरा, सुती हातमोजे घाला, आणि उघड्या नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचे न दिसणारे शिंतोडे पुढे काळे ठिपके होऊन बसतात.

माझं मत विचाराल तर संच आहे तसा ठेवा. जुन्या वस्तूला तिचं वय असतं.

---

ताम्रपट:

नाणेवेडा यांच्या पहिल्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत, शेवटच्या ओळीशी नाही. तीन नाण्यांचे दोष तीन वेगळ्या जातीचे आहेत, त्यामुळे एकच उत्तर सगळ्यांना लागू होणार नाही. कुठला दोष टाकसाळीत झाला आणि कुठला नंतर पेटीत, हे आधी वेगळं करा.

हनुवटीखालच्या रेघेपासून सुरुवात करू. प्रूफ नाण्यासाठी चकती, म्हणजे ठसा मारण्याआधीचा कोरा धातू, आधी घासून चकचकीत करतात, डायही (ज्याने ठसा मारतात तो साचा) तसाच घोटतात, आणि ठसा एकदा नव्हे, किमान दोनदा मारतात. डाय पुसताना फडक्याचा एखादा धागा त्यावर राहिला तर तो डाय आणि चकती यांच्यामध्ये सापडतो आणि त्याची छाप नाण्यात खोल उमटते. दहापट भिंगातून बघा. ओरखडा असेल तर कडेला धातू उकरून वर आलेला दिसेल आणि तळ खरबरीत असेल. धाग्याची छाप असेल तर कडा गोलसर, तळ शांत, आणि रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. मऊ बाक असलेली रेघ बहुधा धाग्याचीच असते. तसं असेल तर ते नाणं बदलू नका. तो डाग नाही, ते नाणं जन्मलंच तसं.

आणखी एक खूण सांगतो, कारण यात खूपजण फसतात. मोकळ्या भागात समांतर बारीक रेघा दिसल्या आणि त्या नक्षीपाशी येऊन थांबल्या, शिवाय त्या किंचित उठावदार असल्या, तर त्या डाय घोटल्याच्या रेघा. खोलगट असून मोकळ्या भागातून थेट नक्षीवरही चढत असतील, तर कुणीतरी नाणं पुसलं आहे. दुसरा संच घेताना हीच खूण तपासा.

दुधाळ ठिपके हा चांदीच्या नाण्यांचा जुना त्रास. चकत्या धुतल्यानंतर राहिलेला रसायनाचा अंश भट्टीत तापून चांदीत बसतो, असं बहुतेक जाणकार मानतात. म्हणून ते कधीकधी नाणं पाडल्यानंतर बऱ्याच काळाने उगवतात. घरच्या कुठल्याही उपायाने ते खात्रीने जात नाहीत. चांदी बुडवायच्या द्रावणाने जरा फिके झाले तरी आरशाची धार जाते. हे नाणं बदलायला माझी हरकत नाही, पण नव्या नाण्यावरही पुढे ठिपके उगवू शकतात, हे मनात धरूनच बदला.

हिरवा थर ओलसर असेल तर संशय पीव्हीसी या प्लास्टिकवर. मऊ, लवचीक प्लास्टिकमध्ये घातलेलं रसायन वर्षानुवर्षं झिरपतं आणि तांब्याशी लागून हिरवं होतं. संच तुमच्याकडे येण्याआधी हे नाणं कुणीतरी मऊ पाकिटात ठेवलं असेल, किंवा खुद्द पेटीतलाच एखादा भाग त्या जातीचा असेल. हे शोधल्याशिवाय बदली नाणं आणलंत तर तेही त्याच खाचेत त्याच वाटेने जाईल. मखमल, लोकर, रबर, फोम यांतून निघणारा गंधक चांदी काळवंडवतो, तोही विचार करा. मी तुमच्या जागी असतो तर नवं नाणं आणण्याआधी पेटीचं दुखणं शोधलं असतं.

थर काढायला शुद्ध अ‍ॅसिटोन. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण नव्हे, त्यात रंग, सुगंध, तेल असतं. काचेच्या भांड्यात घ्या, प्लास्टिकचं भांडं विरघळू शकतं. नाणं झाकणातून पूर्ण बाहेर काढूनच बुडवा. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको. चोळायचं नाही. थोडा वेळ ठेवा, मग दुसऱ्या भांड्यात ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, आणि कडेवर तिरकं उभं करून हवेत सुकू द्या. अ‍ॅसिटोन धातूला खात नाही, फक्त चिकट थर सोडवतं. खाली धातूच कुरतडला गेला असेल तर तो खड्डा मात्र तसाच राहील, आणि मग बदलण्याचा विचार करा.

---

रौप्यमुद्रा:

दुसऱ्या संचातून नाणी घेताना नुसतं वर्ष आणि नक्षी जुळली म्हणून पैसे देऊ नका. बऱ्याच टाकसाळी एकाच वर्षी तेच नाणं दोन-तीन प्रकारांत काढतात: साध्या धातूचं प्रूफ, चांदीचं प्रूफ, आणि प्रूफ नसलेलं चकचकीत नाणं. उदाहरण अमेरिकेचं घ्या. तिथे 1992 पासून दरवर्षी साध्या धातूचा आणि चांदीचा असे दोन्ही प्रूफ संच निघतात. त्यातला साध्या धातूचा क्वार्टर (पंचवीस सेंटांचं नाणं) 5.67 ग्रॅमचा, तर 2018 पर्यंतच्या संचांतला 90 टक्के चांदीचा 6.25 ग्रॅमचा. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. कड बघितली की फरक कळतो: साध्या नाण्याच्या कडेत तांब्याची पट्टी दिसते, चांदीच्या नाण्याची कड सगळी पांढरी. तुमच्या संचाचंही असंच काही असू शकतं, म्हणून कडेचा फोटो आणि वजन मागायला संकोच करू नका.

दुसरं म्हणजे नक्षीचा पांढुरका भुरका, म्हणजे उठावाच्या भागावरचा धुरकट मंदपणा. नव्या डायने पाडलेल्या पहिल्या नाण्यांवर तो दाट असतो, डाय वापरात मुरला की पातळ होत जातो. जुन्या संचांत हा फरक खूप जाणवतो. दाट भुरक्याच्या चार नाण्यांत एक फिकं बसवलं तर कितीही निर्दोष असलं तरी ते उपरं वाटतं. मला तर डागापेक्षाही ते जास्त खटकतं.

आणि कृपया, बदलण्याआधी टाकसाळीचं चिन्ह नीट तपासा. 1990 च्या अमेरिकी प्रूफ संचांत काही सेंट नाण्यांवर 'एस' हे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचं अक्षर पडायचं राहून गेलं. 1975 च्या प्रूफ संचांतली तशीच 'एस' नसलेली दहा सेंटांची फक्त दोन नाणी ज्ञात आहेत. सदोष म्हणून ती कुणी काढून टाकली असती तर? आपल्या संचात असं काही असण्याची शक्यता अगदी कमी, पण बघायला भिंगाशिवाय काही लागत नाही.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग घेऊन बसले. हनुवटीखालची रेघ धाग्याचीच आहे, एका टोकाला तो धागा फाटून दोन तंतू झालेलेही दिसतात. इतकं स्पष्ट की डाय पुसणारा हात डोळ्यांपुढे येतो. ते नाणं आता कुठेही जाणार नाही.

हिरव्या थराचं मूळही सापडलं. त्या खाचेच्या तळाशी एक मऊ पारदर्शक चकती घातलेली आहे, बाकीच्या चार खाचांत ती नाही. म्हणजे आधीच्या कुणीतरी नाणं हलू नये म्हणून ती घातली असावी. झाकण उघडलं की ती काढून टाकणार आहे. नाण्याला अ‍ॅसिटोन देणार आहे.

राहिलं मोठं चांदीचं नाणं. ते बदलावं याकडे माझा कल आहे, पण प्रमाणपत्राचा प्रश्न अजून मनात आहे.

---

ताम्रपट:

प्रमाणपत्रावरचा क्रमांक बहुतेक वेळा संचाचा असतो, नाण्यांवर तो कोरलेला नसतो. त्यामुळे नाणं बदललं तरी कागद खोटा ठरत नाही, पण संच 'मूळ' राहत नाही, हेही खरं. मी असं करतो: बदललेलं मूळ नाणं फेकत किंवा विकत नाही. ते कडक प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये घालून त्याच पेटीसोबत ठेवतो, आणि एका चिठ्ठीवर कुठलं नाणं, का आणि केव्हा बदललं ते लिहून प्रमाणपत्रामागे सरकवतो. पुढच्या संग्राहकाला परत फिरवायचं असेल तर त्याची वाट मोकळी राहते.

ज्या संचातून नाणं घ्याल त्याचाही विचार करा. चांगला पूर्ण संच मोडू नका. ज्याची पेटी फुटली आहे, प्रमाणपत्र हरवलं आहे किंवा एखादं नाणं आधीच गायब आहे, असा संच शोधा. असे संच मिळतात, फक्त धीर लागतो.

---

नाणेवेडा:

चिठ्ठीची कल्पना पटली. असं असेल तर माझा विरोध मागे घेतो.

झाकणाचं राहिलं. दाबून बसवलेलं असेल तर पेटी मऊ टॉवेलवर ठेवा आणि खाचांपासून लांबच्या कोपऱ्यात लाकडी किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी घालून हळूहळू सगळीकडून सैल करा. लोखंडी पातं नको, निसटलं तर थेट नाण्यावर जातं. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, थंडीत जास्तच, म्हणून खोली उबदार असताना करा. कडा एकमेकांत वितळवून चिकटवलेल्या दिसल्या तर जबरदस्ती करू नका, इथे फोटो टाका. मी तशा दोन प्रकारच्या पेट्या उघडल्या आहेत, जोड बघून सांगतो.