स्नॅपशॉट असताना मूळ व्हॉल्यूम वाढवणे किंवा काढून टाकणे

प्रश्न: लिनक्समध्ये डिस्कची जागा विभागून देणाऱ्या एलव्हीएममधील २०० जीबीच्या एका व्हॉल्यूमचे (आभासी डिस्कचे) दोन स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी) आहेत. तो ३०० जीबीपर्यंत वाढवू पाहिले, तर मूळ व्हॉल्यूम निष्क्रिय असतानाच आकार बदलता येईल, असा संदेश येतो. पुढे मूळ व्हॉल्यूम काढून फक्त स्नॅपशॉट ठेवता येतील का?

उत्तर १: आधी व्हॉल्यूमची यादी दाखवणाऱ्या 'एलव्हीएस' या आज्ञेच्या ॲट्रिब्यूट स्तंभातील पहिले अक्षर पाहावे. तिथे 'ओ' असेल तर व्हॉल्यूम जुन्या, म्हणजे थिक (सारी जागा आधीच राखून ठेवणाऱ्या) पद्धतीचा आहे. अशा स्नॅपशॉटमध्ये केवळ बदललेल्या ब्लॉकची (डेटाच्या ठरावीक तुकड्यांची) जुनी प्रत असते आणि न बदललेला सारा डेटा मूळ व्हॉल्यूममधूनच वाचला जातो. त्यामुळे मूळ व्हॉल्यूम काढला की त्याचे स्नॅपशॉटही जातात. आकार वाढवायचा असेल, तर तो व्हॉल्यूम अनमाउंट करून (वापरातून सोडवून) निष्क्रिय करावा, वाढवावा, पुन्हा सक्रिय करावा आणि मग त्यावरील फाइल सिस्टीम (फाइलींची मांडणी सांभाळणारी रचना) वाढवावी. स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली तर तो कायमचा निकामी होतो, याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते.

उत्तर २: पहिले अक्षर कॅपिटल 'व्ही' असेल तर व्हॉल्यूम थिन पद्धतीचा, म्हणजे पूल नावाच्या सामायिक साठ्यातून लागेल तशी जागा घेणारा असतो आणि चित्र वेगळे आहे. थिन स्नॅपशॉट हा स्वतंत्र व्हॉल्यूमच असतो, म्हणून मूळ व्हॉल्यूम काढला तरी तो टिकतो. मात्र दोघांचे सामायिक ब्लॉक पूलमध्येच राहत असल्याने अपेक्षेइतकी जागा मोकळी होत नाही.

उत्तर ३: एलव्हीएमऐवजी सेफ आरबीडी (अनेक सर्व्हरवर पसरलेल्या सेफ या साठवण प्रणालीतील आभासी डिस्क) वापरत असाल, तर नियम याहून कडक आहे. स्नॅपशॉट शिल्लक असेपर्यंत इमेज (तिथली आभासी डिस्क) काढताच येत नाही. आकार वाढवता येतो, पण जुन्या स्नॅपशॉटवर रोलबॅक केल्यास (म्हणजे त्या स्थितीत परत नेल्यास) इमेजचा आकारही जुनाच होतो.

प्रश्नकर्ता: पहिले अक्षर 'ओ' आहे. एका स्नॅपशॉटमधील डेटा काहीही करून जपायचा आहे. फाइल सिस्टीम एक्सएफएस आहे.

उत्तर १: मग तो स्नॅपशॉट केवळ-वाचन स्वरूपात माउंट करून त्यातील डेटा नव्या व्हॉल्यूमवर उतरवून घ्यावा. मूळ व्हॉल्यूम माउंट असताना एक्सएफएस समान यूयूआयडीमुळे (फाइल सिस्टीमच्या ओळख क्रमांकामुळे) स्नॅपशॉट माउंट करण्यास नकार देते, म्हणून 'नोयूयूआयडी' पर्याय द्यावा. प्रत पडताळून पाहिल्यानंतरच मूळ व्हॉल्यूमला हात लावावा.