७२ टक्क्यांवरून गाझाला गुन्हेगार ठरवणाऱ्यांना

अलिबागकर
काल इथे एकाने लिहिलं की डिसेंबर २०२३ च्या जनमत चाचणीत ७२ टक्के पॅलेस्टिनींनी हमासचा इस्रायलवरचा ७ ऑक्टोबरचा हल्ला बरोबर ठरवला, तेव्हा गाझात निरपराध कोणी नाहीच. खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ती चाचणी रामल्लाच्या खलील शिकाकींच्या संस्थेची. ७२ हा वेस्ट बँक आणि गाझा, दोन्ही पॅलेस्टिनी भागांचा मिळून आकडा आहे. वेस्ट बँकेत ८२, गाझात ५७. ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते त्यांच्यातच पाठिंबा कमी होता. बहुतेकांनी असंही सांगितलं की त्या दिवशीच्या कत्तलीचे व्हिडिओ आम्ही पाहिलेले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये गाझातला आकडा ३९ वर आला. मग नऊ महिन्यांत तितकी माणसं अपराधी होती ती निरपराध झाली का?

साधारण १२०० माणसं मारणं आणि २५१ ओलीस नेणं हा अमानुष गुन्हा आहे, त्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण गुन्हा ज्याने केला त्याचा. तंबूत बसून प्रश्नावलीला 'हो' म्हणणाऱ्याचा नाही. आणि गाझातली जवळजवळ निम्मी वस्ती १८ च्या आतली. त्या पोरांना कोणी काही विचारलेलंच नाही.

कुलाबेकर
आकड्यांची फोड मला नका शिकवू. २६/११ ला आम्ही कुलाब्यातच होतो. नरिमन हाउसच्या, म्हणजे तिथल्या ज्यू केंद्राच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले तेव्हा आम्ही घरात दिवे मालवून जमिनीवर पडून होतो. आई तोंडावर पदर धरून होती, खोकल्याचा आवाज जाऊ नये म्हणून. दोन वर्षांच्या मोशेला त्याच्या दाईने कसं बाहेर काढलं ते सगळ्या जगाला माहीत आहे.

ज्या समाजात असल्या कृत्याला 'बरोबर' म्हणतात तिथेच पुढचा मारेकरी तयार होतो. २००५ मध्ये इस्रायल गाझातून बाहेर पडलं, २००६ मध्ये लोकांनी हमासला निवडून दिलं. आणि तुमच्या लाडक्या चाचण्यांचे आकडे हमासने फिरवले, असे कागद इस्रायली लष्कराने ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर काढलेत.

अलिबागकर
संस्थेने तो आरोप फेटाळला आहे. पण घटकाभर तुमचं खरं धरू. आकडे खोटे, तर ७२ चाही आधार गेला. हवा तो आकडा खरा आणि नको तो खोटा, असं चालणार नाही.

२००६ चं मान्य. लोकांनी मतं दिली, नाकारत नाही. पण ती ४४ टक्के होती, आणि आज गाझात असलेल्यांपैकी बहुतेक जण तेव्हा एक तर जन्मलेले नव्हते नाहीतर मतदानाच्या वयाचे नव्हते.

इतिहासवेडा
मूळ प्रश्न जमिनीचा आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. १९४७ मध्ये भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिलं ते उगाच नाही. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्रायलीच घ्या. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. शेकडो वर्षं कोणी बोट लावलं नाही. तरी १९४८ नंतर इस्रायलला निघून गेले, दुसऱ्याच्या जागेवर राहायला. आता भोगा.

अश्दोदहून
भोगा? हे मराठीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझं माहेर ठाण्याचं. १९६९ मध्ये इस्रायलला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आधी दिमोना, लग्नानंतर अश्दोद. आम्ही दुसऱ्याची जागा बळकावायला नाही आलो, शेजार चांगला असूनही 'आपलं' म्हणून आलो. आणि इथेही कोणी पायघड्या घातल्या नाहीत. आधी आलेल्या माझ्या मामाचं लग्न १९६२ मध्ये अडलं, कारण धर्मगुरू आजी-पणजीचं ज्यूपण सिद्ध करा म्हणत होते. आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने आम्हाला पुरते ज्यू मानलं.

आमच्या गावात रॉकेटचा भोंगा वाजल्यावर लपायला ४५ सेकंद मिळतात. माझे दोन्ही गुडघे बदललेत. ममादपर्यंत, म्हणजे घरातल्या त्या जाड भिंतींच्या खोलीपर्यंत जायला मला चाळीस लागतात. तिथे पाणी, गोळ्यांचा डबा आणि पोह्यांचं पाकीट कायम ठेवलेलं असतं.

इतिहासवेडा
बाई, तुमचा मान राखून सांगतो, १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरंदारं सोडून गेले. त्यांचा भोंगा कोणी वाजवला? 'भोगा' हा शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

कुलाबेकर
आणि बगदादपासून येमेनच्या सनापर्यंत अरब देशांतून लाखो ज्यू बाहेर पडले ते? त्यांना निर्वासित म्हणताना तुमची जीभ का अडखळते?

चिपळूण ते कुवेत
तुम्हा दोघांचं चालू द्या. मी माझं बघितलेलं सांगतो. १९८४ ते ९० मी कुवेतला फिटर होतो. आमचा मुकादम पॅलेस्टिनी, हैफाकडचा. तोंडाने फटकळ, पण ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम घुसला तेव्हा स्वतःच्या घरातली खुबूज, म्हणजे अरबी रोटी, आणि पाण्याचे कॅन आम्हा सात जणांना देऊन बसपर्यंत सोडायला आला. बसरा, बगदाद करत अम्मानला पोचलो आणि तिथून विमानाने मुंबई.

पॅलेस्टिनींचा नेता अराफतने सद्दामची बाजू घेतली. १९९१ मध्ये कुवेत सुटल्यावर तिथल्या चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांना परत थारा मिळाला नाही. मुकादम कुठे गेला कळलं नाही. सद्दामला शिव्या घालताना मी त्याला या कानांनी ऐकलंय. पण तो पॅलेस्टिनी, एवढं पुरलं.

कुलाबेकर
म्हणजे अरबांनीच हाकललं. मग शिव्या फक्त इस्रायलला का?

चिपळूण ते कुवेत
मी कोणाला शिवी दिली? नीट वाचा.

अलिबागकर
अश्दोदच्या ताई, एक विचारतो, राग मानू नका. प्यू या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने इस्रायलमध्ये विचारलं होतं की शेजारी पॅलेस्टिनी देश झाला तर दोघांना शांततेत राहता येईल का. २०१३ मध्ये ५० टक्के हो म्हणाले, २०२५ मध्ये २१. तुम्ही कुठे?

अश्दोदहून
पॅलेस्टिनींशी ओस्लोचा शांतता करार झाला तेव्हा मी बाजूने होते. १९९५ मध्ये तो करार करणारे आमचे पंतप्रधान राबिन मारले गेले तेव्हा घरात मेणबत्ती लावून रडले. आज माझं उत्तर नाही. नातवाला तिसऱ्यांदा राखीव दलात बोलावलं, त्यानंतर तर अजिबात नाही. मग काय, मी अपराधी?

अलिबागकर
मुळीच नाही. तुमचं हे मत मला पटत नाही, पण त्यासाठी कोणी तुमच्या घरावर रॉकेट टाकावं असं म्हणणाऱ्याशीही मी असाच भांडेन. गाझातल्या खान युनिसमधल्या तुमच्या वयाच्या बाईलाही हाच न्याय लावा, एवढंच मागतोय.

अश्दोदहून
माझ्या नातवाला आणि हमासला एका पारड्यात घालाल तर इथेच बोलणं थांबवीन. तिच्या घरात ममाद नाही, एवढं मानते. त्याहून जास्त माझ्याकडून आज वदवून घेऊ नका.